मुरमाच्या पोटातले पाणी

कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोहून १६८ क्रमांकाच्या रस्त्याने शेव्हर लेककडे चढताना एके ठिकाणी रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराची कड उभी कापलेली आहे. तिथे अण्णांनी मला गाडी थांबवायला सांगितली. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. खालच्या टेकड्यांवरचे गवत मे महिन्यातच वाळून पिवळे पडलेले होते आणि एप्रिलनंतर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. अण्णा गाडीतून उतरले, त्या कापलेल्या भिंतीजवळ गेले आणि खडकासारखा दिसणारा एक कोपरा त्यांनी हाताने ओढला. तो सहज त्यांच्या हातात आला. त्यांनी मूठ आवळली, तेव्हा बोटांच्या फटींतून जाड, भरड, चमकणारी रेव खाली सांडली.

"अगं, हा तर मुरूम आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी वर पाहिले. त्या मुरमाच्या डोक्यावर पाँडेरोसा पाईन, शुगर पाईन आणि इन्सेन्स सीडर यांचे दाट रान उभे होते. काही झाडे चाळीस-चाळीस मीटर उंच होती आणि त्यांचा हिरवेपणा भर उन्हाळ्यातही जराही उणावलेला नव्हता. नेवासे तालुक्यातल्या काळ्या जमिनीत पन्नास वर्षे शेती केलेल्या माणसाला हे दृश्य पटणे शक्यच नव्हते. "मुरमाडीवर कुसळी येते. ह्या जमिनीत पाणी ठरायचं नाही, चार महिने पाऊस नाही, मग ही झाडं कशावर उभी आहेत?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिले ते अर्धवट होते. मी या डोंगराच्या पायथ्याशी अठरा वर्षे राहते आहे आणि जमेल तेव्हा या मातीविषयी वाचत, ती पाहत आले आहे. अण्णांना जे उत्तर पूर्ण द्यायला हवे होते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात खडकापासूनच करायला हवी. सिएरा नेवाडा ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व बाजूची सुमारे ६४० किलोमीटर लांबीची पर्वतरांग असून तिचा गाभा ग्रॅनाइटवर्गीय खडकाचा आहे. काटेकोरपणे बोलायचे तर त्यातला बराचसा खडक ग्रॅनोडायोराइट आणि टोनलाइट या प्रकारांत मोडतो. पण मातीच्या दृष्टीने ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. यातला बहुतांश खडक साधारण १२ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर, अतिशय सावकाश थंड होत गेला. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने जमिनीवर पसरला आणि त्या मानाने फार लवकर थिजला. सावकाश थंड झालेल्या खडकात स्फटिकांना वाढायला अवधी मिळतो, म्हणून ग्रॅनाइटचे दाणे नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. बेसॉल्टचे बहुतेक दाणे भिंगाखालीही वेगळे काढता येत नाहीत. दोन्हीकडच्या मातीतला फरक बहुतांशी इथूनच सुरू होतो. बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते, त्यामुळे तो पूर्ण कुजला की त्याची चिकणमाती होते. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर असते आणि गारगोटी कुजत नाही, त्यामुळे तो कुजला तरी मागे वाळू आणि रेव उरतेच.

त्या दिवशी अण्णांच्या हातातून सांडलेली रेव मी एका कागदावर घेतली आणि घरी आणून भिंगाखाली पाहिली. तिच्यात तीन गोष्टी सहज वेगळ्या करता आल्या. पहिली म्हणजे काचेच्या तुकड्यांसारखे करडे, पारदर्शक दाणे. ती गारगोटी, आणि तिच्या कडा अजून धारदार होत्या, कारण नदीने वाहून आणलेल्या वाळूसारखी ती कुठे घासली गेलेली नव्हती. जिथे खडक होता तिथेच ती सुटी झाली होती. दुसरे होते पांढुरके, निस्तेज दाणे. तो फेल्डस्पार. त्यातले काही दाणे अजून टणक होते, तर काही नखाने दाबताच त्यांचे पिठासारखे चूर्ण होत होते. हे चूर्ण म्हणजेच तयार होत असलेली चिकणमाती. तिसरी गोष्ट होती तळव्याला चिकटून राहणारे पातळ, सोनेरी-तपकिरी पापुद्रे. ते काळे अभ्रक, म्हणजे बायोटाइट. मूळ खडकात ते काळे कुळकुळीत असते. इथे त्याला पितळी झाक आलेली होती.

या पितळी झाकेपाशी थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा कारागीर हाच आहे. बायोटाइटमध्ये लोह असते. खडकाच्या बारीकशा फटीतून पाणी आणि प्राणवायू आत पोहोचले की त्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि अभ्रकाची पाने किंचित फुगतात. ही वाढ अगदी थोडी असते, पण चारी बाजूंनी घट्ट बसलेल्या स्फटिकांच्या मध्ये एखादा दाणा फुगला की शेजारच्या दाण्यांवर ताण येतो आणि त्यांच्या सांध्यांत केसाइतक्या बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून आणखी पाणी आत जाते, पुढचे अभ्रक फुगते आणि खडक आतून उसवत जातो. पाण्याचा बर्फ होऊन खडक फुटतो, असे आपण शाळेत शिकलो आणि ते खरेही आहे. पण बर्फाची मजल फार खोल जात नाही. वीस मीटर खाली, जिथे वर्षभर तापमान जवळजवळ स्थिर असते, तिथला खडक खिळखिळा करण्याचे काम मुख्यतः हे पापुद्रे करतात. अशा रीतीने तयार झालेला खडक दिसायला अखंड असतो, त्यातल्या दाण्यांची मूळ जागाही बदललेली नसते, पण हाताने ओढला की त्याची रेव होते. इंग्रजी जाणणारे भूशास्त्रज्ञ त्याला ग्रस म्हणतात. आपल्याकडे त्याच्यासाठी मुरूम हा शब्द आधीपासून आहे आणि अण्णांनी तो क्षणाचाही विचार न करता वापरला. आपला मुरूम बेसॉल्टचा आणि हा ग्रॅनाइटचा, इतकाच काय तो फरक.

त्या कापलेल्या भिंतीत आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. भुसभुशीत रेवेच्या मधोमध बैलगाडीएवढे गोल, टणक धोंडे रुतलेले असतात आणि त्यांच्याभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटत असतात. खडकात मुळात उभ्या-आडव्या भेगांची जाळी असते. पाणी त्या भेगांतून शिरून प्रत्येक चौकोनी ठोकळ्याला बाहेरून आत कुजवत नेते; कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी हल्ला होत असल्यामुळे कोपरे आधी जातात आणि आतला गाभा गोल होऊन शिल्लक राहतो. पुण्याजवळच्या घाटांत बेसॉल्टचे असेच पाकळ्या सुटलेले गोळे मी लहानपणापासून पाहिले आहेत. पुढे पावसाने भोवतालची रेव धुऊन नेली की हेच धोंडे उतारावर उघडे पडतात आणि कुणीतरी आणून मांडून ठेवल्यासारखे दिसतात. डोंगरातल्या मातीत जे धोंडे सापडतात, त्यांतले बरेचसे असे जागच्या जागी जन्मलेले असतात.

हा एकच रस्ता मातीचे शिक्षण घेण्यासाठी पुरेसा आहे. फ्रेझ्नो समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. शेव्हर लेक सुमारे १,६८० मीटरवर आहे, हंटिंग्टन लेक २,१०० मीटरच्या आसपास आणि त्यापुढची कैझर खिंड २,८०० मीटरवर. खडक बहुतेक ठिकाणी एकाच कुळातला आहे. बदलतात ते पाऊस, बर्फ आणि तापमान. बर्कलीला अध्यापन करणारे हान्स जेनी यांनी १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ. त्यांतला एकच घटक बदलतो आणि बाकीचे बऱ्यापैकी स्थिर राहतात, अशा जागा जगात फार थोड्या आहेत आणि सिएराचा पश्चिम उतार त्यांपैकी एक आहे. पायथ्याच्या टेकड्यांवर उष्णता भरपूर असते पण पाणी कमी पडते, त्यामुळे माती उथळ आणि तांबूस-तपकिरी असते. उंच शिखरांवर पाणी भरपूर असते पण ते वर्षातला बराच काळ बर्फाच्या रूपात अडकलेले असते आणि थंडीमुळे रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून तिथे नुसती वाळू आणि खडक. या दोहोंच्या मधला पट्टा, जिथे हिवाळी पाऊस आणि बर्फ यांची सीमा येते, तिथे पाणी आणि ऊब दोन्ही पुरेशी मिळतात आणि खडक सर्वांत खोलवर कुजतो. शेव्हर लेकच्या आसपासचे दाट रान याच पट्ट्यात आहे, आणि हा योगायोग नाही.

वरच्या भागाच्या उघडेपणाला आणखी एक कारण आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना सिएराच्या माथ्यावर हिमनद्या होत्या. त्यांनी लाखो वर्षांत साठलेला कुजका खडक खरवडून नेला आणि खाली ताजा, गुळगुळीत, काही ठिकाणी आरशासारखा चकाकणारा ग्रॅनाइट उघडा पाडला. हिमनद्या खालच्या पट्ट्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, म्हणून तिथले जुने, खोल कुजलेले आवरण शाबूत राहिले. योसेमिटीला जाणारे प्रवासी वरच्या उघड्या कातळाचे फोटो काढतात आणि मलाही तो कातळ आवडतो. परंतु या पर्वताचे खरे भांडार खालच्या, फारसे कुणी न पाहिलेल्या रेवेत आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता या मातीच्या गुणांकडे येते. इथल्या मृदा सर्वेक्षणात मातीच्या नावाआधी तिच्यातल्या दगडांचे वर्णन येते आणि ते अगदी मोजूनमापून केलेले असते. २ मिलिमीटरपेक्षा मोठा कण मातीत धरलाच जात नाही. २ ते ७५ मिलिमीटरपर्यंत रेव, ७५ ते २५० मिलिमीटरपर्यंत गोटे, २५० ते ६०० मिलिमीटरपर्यंत दगड आणि त्याहून मोठा तो धोंडा. मातीच्या आकारमानात १५ टक्क्यांपेक्षा जास्त रेव असली तर ती जमीन रेवट ठरते आणि ३५ टक्क्यांच्या वर गेली तर अति रेवट. निचऱ्याच्याही अशाच पायऱ्या आहेत: उत्तम निचरा, काहीसा अति निचरा आणि अति निचरा. सिएराच्या ग्रॅनाइटी उतारांवरच्या बहुतेक जमिनी या तीन पायऱ्यांवर बसतात.

निचरा इतका जलद का होतो, हे मी एका साध्या प्रयोगाने स्वतःला पटवून दिले होते. गावी गेले असताना एका बरणीत आमच्या शेतातली काळी माती आणि पाणी घालून ती बरणी जोराने हलवून ठेवली. तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होते. इकडे परत आल्यावर तसाच प्रयोग शेव्हरच्या मातीवर केला, तर एका मिनिटाच्या आत तीन चतुर्थांश माती तळाशी बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता आले. आपल्या भारी जमिनीत चिकणमातीचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते आणि तिच्यातली खनिजे पाणी पिऊन फुगणारी असतात. म्हणून पावसाने भेगा मिटल्या की त्या जमिनीत तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरते आणि बाकीचे साचते किंवा वाहते. ग्रॅनाइटी जमिनीत चिकणमाती थोडी, आणि तीही बहुधा केओलिनाइट कुळातली, न फुगणारी. दाण्यांमधल्या मोठ्या पोकळ्या नेहमी उघड्या राहतात. मुसळधार पाऊस पडला तरी रानातल्या जमिनीवरून पाणी वाहताना सहसा दिसत नाही; ते सरळ आत उतरते. आपल्याकडे पावसानंतर वाफसा यायला, म्हणजे जमीन मशागतीजोगी व्हायला, भारी जमिनीत आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते. इथे सकाळी पाऊस थांबला तर संध्याकाळी वाफसा असतो. चिखल हा प्रकार या डोंगरात जवळजवळ नाहीच.

मात्र या गुणाची किंमतही मोजावी लागते आणि तिचा हिशेब मांडला की अण्णांच्या प्रश्नाची धार कळते. एक मीटर खोल भरड वाळूच्या जमिनीत झाडाला घेता येईल असे पाणी ढोबळमानाने ७० मिलिमीटर धरू. त्या जमिनीत ४० टक्के दगडगोटे असतील आणि टणक दगडात पाणी राहत नाही असे मानले, तर उरले ४२ मिलिमीटर. दाट रान उन्हाळ्यात दिवसाला ३ मिलिमीटर जरी पाणी उडवत असले, तरी हा साठा चौदा दिवसांत संपायला हवा. इथला कोरडा काळ मात्र चार-पाच महिन्यांचा असतो. आपल्या मान्सूनच्या नेमके उलट, इथे पाऊस आणि बर्फ ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत पडतात आणि झाडांना तहान लागते तेव्हा आकाश कोरडे असते. हिशेबाने जुलैमध्ये मरायला हवे असलेले रान ऑगस्टमध्ये हिरवेगार उभे असते, याचा अर्थ हिशेबात कुठेतरी मोठी चूक आहे.

ती चूक म्हणजे जमीन फक्त एक मीटर खोल धरणे. शेव्हर लेकपासून जवळच, प्रॉव्हिडन्स क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात, २००७ सालापासून शास्त्रज्ञांनी एक निरीक्षणक्षेत्र चालवले. झाडाच्या टोकापासून ताज्या खडकापर्यंत पाणी कुठे जाते, किती काळ राहते आणि कुठून बाहेर पडते, याचे मोजमाप हे त्याचे उद्दिष्ट होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजल्यावर असे दिसले की तिथे ताजा, टणक खडक १० ते ३५ मीटर खोलीवर सुरू होतो. म्हणजे वरच्या एक-दीड मीटर मातीच्या खाली सरासरी वीसेक मीटर जाडीचा कुजका खडक आहे. त्यातल्या केसाएवढ्या चिरा, सुटलेले सांधे आणि विरघळून गेलेल्या फेल्डस्पारच्या जागी उरलेली पोकळी या सगळ्यांत हिवाळ्याचे पाणी उतरून बसते. वरची माती ते झरझर खाली सोडते, हा तिचा दोष नसून ते खाली पोहोचवण्याचा तो मार्ग आहे. या रानाची वर्षभराची पाण्याची उधळण ७०० ते ८०० मिलिमीटर भरते आणि तिच्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा एक मीटरपेक्षा जास्त खोलीवरून येतो, असे तिथल्या मोजमापांतून निघाले.

मुळे तिथपर्यंत कशी पोहोचतात, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे. वादळात उन्मळून पडलेल्या एका पाईनच्या बुंध्याशी खड्ड्यात उतरले, तेव्हा खडकाच्या दोन फळ्यांमधल्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या भेगेत मुळांचे जाळे दाबलेल्या फुलासारखे चपटे होऊन पसरलेले दिसले. जाडीला जागा नाही म्हणून मूळ रुंदीत वाढले होते, आणि त्याच्यावर बुरशीचे पांढरे तंतू होते. हे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मुळे शिरू शकत नाहीत अशा चिरांतूनही पाणी आणि अन्नद्रव्ये ओढून आणतात. त्या भेगेत बोट घातले तर गार लागत होते.

ही व्यवस्था किती भक्कम आणि त्याच वेळी किती नाजूक आहे, हे २०१२ ते २०१५ या सलग चार दुष्काळी वर्षांनी दाखवले. पहिल्या वर्षी रानावर फारसा परिणाम दिसला नाही, दुसऱ्या वर्षीही झाडे तगली. याचे कारण ती कुजक्या खडकातला साठा उपसत होती. पण हिवाळे कोरडे जात राहिल्यामुळे तो साठा पुन्हा भरला नाही, आणि तो आटल्यावर अशक्त झालेल्या झाडांवर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी धाड घातली. २०१६ साली मी याच रस्त्याने वर गेले, तेव्हा सगळे उतार विटकरी रंगाचे झालेले होते. ती पानगळ नव्हती, उभी वाळलेली झाडे होती. अमेरिकेच्या वनखात्याच्या गणनेनुसार २०१० ते २०१७ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे १२ कोटी ९० लाख झाडे मेली, आणि त्यांतली सर्वाधिक दाट मर दक्षिण सिएरातली होती. आमच्याकडे सलग दुसऱ्या दुष्काळात विहीर तळाला जाते तेव्हा जो सुन्नपणा येतो, तोच मला त्या उतारांकडे पाहून आला होता.

पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे अन्न. या जमिनीचा सामू (पीएच) साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असतो, म्हणजे ती सौम्य आम्लधर्मी. आपली काळी जमीन बहुधा आठच्या आसपास, चुनखडीयुक्त. चिकणमाती कमी असल्यामुळे अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी, आणि जी काही आहे ती मुख्यतः वरच्या सेंद्रिय थरात. फेल्डस्पार आणि अभ्रकातून पालाश (पोटॅशियम) मिळत राहते, परंतु स्फुरद (फॉस्फरस) ही खरी अडचण आहे. शेव्हर लेकच्या परिसरात बाल्ड माउंटन नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर झाडे जवळजवळ नाहीत, नुसता फिकट कातळ. आणि तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच पावसात, शेजारच्या उतारावर घनदाट रान. याचे उत्तर हवामानात सापडत नाही, खडकाच्या घडणीत सापडते. दोन्ही ग्रॅनाइटवर्गीयच, पण उघड्या डोंगराच्या खडकात स्फुरदाचे प्रमाण फार कमी आहे. तिथे रोपे रुजत नाहीत, मुळे नाहीत म्हणून ओलावा टिकत नाही, ओलावा नाही म्हणून खडक कुजत नाही, आणि खडक कुजत नाही म्हणून मातीही होत नाही. जिथे स्फुरद थोडे जास्त आहे तिथे हेच चक्र उलट फिरते. खडकातल्या इतक्या बारीक फरकाने एका डोंगरावर रान उभे राहावे आणि दुसरा बोडका राहावा, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तर असेही दिसले की या रानाला मिळणाऱ्या स्फुरदाचा लक्षणीय भाग वाऱ्यावरून येणाऱ्या धुळीतून येतो. काही धूळ खालच्या खोऱ्यातल्या शेतांतली आणि काही थेट आशियातल्या गोबीच्या वाळवंटातली.

आग लागली की या मातीचा स्वभाव बदलतो. ४ सप्टेंबर २०२० रोजी याच भागात सुरू झालेल्या क्रीक फायरने सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा मुलूख जाळला. पाला आणि सुया जळताना त्यांतले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन खाली उतरतात आणि थंड मातीच्या दाण्यांवर त्यांचा पातळ लेप बसतो. चिकणमातीच्या कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यामुळे तिथे असा लेप पुरत नाही. भरड वाळूच्या दाण्यांचा पृष्ठभाग थोडा असल्याने तो चटकन झाकला जातो. पुढच्या वर्षी प्रवेश खुला झाल्यावर मी एका जळालेल्या उतारावर वरची राख बाजूला केली आणि बाटलीतले थोडे पाणी ओतले. अळवाच्या पानावर राहावेत तसे पाण्याचे थेंब त्या रेवेवर मोत्यासारखे उभे राहिले. मनातल्या मनात आकडे मोजत मी साठपर्यंत पोहोचले तरी ते मुरले नाहीत. जी जमीन एरवी कोणताही पाऊस गिळते, तीच आगीनंतर काही काळ पाणी झिडकारते, आणि मग पाण्याबरोबर रेव, गोटे आणि झाडांचे ओंडके ओढ्यात येतात. तीव्र उतारावर तर पाण्याचीही गरज नसते. मुळांची आणि झुडपांची पकड सुटली की कोरडी रेव आपल्या वजनानेच घरंगळत खाली येते. या मातीत दाण्याला दाणा चिकटवणारे फारसे काही नसते. तिला उतारावर धरून ठेवते ते तिच्यावरचे रान.

फ्रेझ्नोमध्ये बागेच्या सामानाच्या दुकानात हीच रेव डी. जी. (डिकम्पोज्ड ग्रॅनाइट, म्हणजे कुजलेला ग्रॅनाइट) या नावाने, पायवाटांवर पसरण्यासाठी विकली जाते. वर डोंगरात घर असलेल्या एका स्नेह्यांनी तीच जमीन भाजीसाठी वापरून पाहिली. त्यांनी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि महिन्यातून एकदा भरपूर खत दिले, आणि टोमॅटो पिवळे पडत गेले. कारण नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जात होते. पुढच्या वर्षी त्यांनी ठिबक लावले, रोज थोडे पाणी, थोडे-थोडे खत आणि वर पाईनच्या सुयांचे आच्छादन असे धोरण ठेवले, तेव्हा टोमॅटो उत्तम आले. हलक्या जमिनीला थोडे पण वारंवार द्यावे, हे अण्णांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. आपल्याकडे मुरमाड रानावर डाळिंब आणि सीताफळ याच तत्त्वावर येते.

त्या दिवशी मी हे सगळे तुकड्या-तुकड्यांनी सांगत असताना अण्णा ऐकत होते आणि हाताने भिंत चाचपडत पुढे चालत होते. रस्त्याच्या पातळीपासून गुडघाभर उंचीवर एके ठिकाणी रेवेचा रंग जरा गडद होता. त्यांनी तिथे बोटे खुपसली, थोडी माती काढली आणि तळहातावर दाबली. ती सांडली नाही. तिचा लाडू झाला आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले. वरच्या बाजूला, आमच्या डोक्याच्या तीन-चार मीटर वर, एका पाईनचा बुंधा होता आणि खडकाच्या एका भेगेतून त्याचे एक चपटे मूळ या ओल्या जागेपर्यंत खाली आलेले होते.

"आपल्या विहिरीला पाणी कुठं लागलं होतं, ठाऊक आहे का तुला?" त्यांनी विचारले.

मला ठाऊक नव्हते. ती विहीर माझ्या जन्माआधीची आहे.

"वर दोन परस काळी माती. ती कोरडी. खाली पाषाण, तोही कोरडा. मधल्या मुरमात पाणी लागलं, ते आजवर आहे," असे म्हणून त्यांनी तो ओला लाडू मूळ आले होते त्याच भेगेत परत दाबून बसवला आणि हात झटकून ते गाडीकडे वळले.